स्मरणचित्राचा तास

मोठा पोळा बैलांचा, तान्हा पोळा मुलांचा. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यात काय किंवा विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल सजवून निघतात, दारोदार ओवाळून घेतात, खाऊ-पैशांचा बोजारा मिळवतात. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. या बैलांपैकी एखादा हातात घेऊन नीट पाहावा. गावच्या सुताराने एका ओंडक्यातून काढलेले धड, जाडसर पाय, खाली चार चाके. पाठीवर आजीच्या लुगड्याच्या काठाची झूल. अंगावर निळा रंग, कारण दाराला दिलेल्या रंगापैकी तेवढाच डब्याच्या तळाशी उरला होता. एक शिंग लाकडाचे, दुसरे बांबूच्या कामटीचे. मूळचे गेल्या वर्षी बैल पडला तेव्हा मोडले. त्या शिंगाबद्दल बैलाच्या धन्याला विचारले, तर तो पाच मिनिटे सांगत राहील.

पोळ्याच्या आगेमागेच शिक्षक दिन येतो. ५ सप्टेंबरला गुरुजनांना गुलाबाची फुले दिली जातात, भाषणे होतात, मोठ्या वर्गातली मुले एक दिवस शिक्षक होतात. यंदा त्या सगळ्यात एका शिक्षकाची आठवण मुद्दाम व्हावी असे आम्हाला वाटते. तो अजून वर्गात आलेलाच नाही. आज तो कुठल्या तरी कलासंस्थेत कला शिक्षक पदविकेचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एटीडी’चा अभ्यास करतो आहे, किंवा ती प्राथमिक शिक्षकांच्या डी. एल. एड.च्या वर्गात पाठाची टाचणे काढते आहे. दोन-तीन वर्षांत तो किंवा ती चित्रकलेच्या तासाला उभी राहील. समोरच्या मुलाच्या घरी मोबाइल असेल, आणि त्या मुलाने पेन्सिलीला टोक काढेपर्यंत बैलांची चार चित्रे तयार करून देणारे यंत्र त्या मोबाइलमध्ये असेल. त्या क्षणी या शिक्षकाने काय करायचे, हे त्याला कोणी शिकवते आहे का?

हा प्रश्न उद्यावर टाकण्याजोगा राहिलेला नाही. तिसरीपासूनच्या मुलांना २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. युनेस्कोने त्याआधीच, २०२४ साली, शिक्षकांना या विषयात काय यायला हवे याचा आराखडा मांडला. त्यात पाच अंगे आणि पंधरा क्षमता आहेत, आणि त्या पाचांत पहिले स्थान मानवकेंद्री दृष्टीला दिले आहे. यंत्र चालवण्याचे कसब नंतर येते. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ‘प्रशिक्षण’ म्हटले की गाडी उलटी धावते. आधी कुठले ॲप, कुठे क्लिक, कोणता पासवर्ड, आणि शेवटी वेळ उरला तर ते कशासाठी.

दवनीवाड्यासारख्या गावात कलाशिक्षक कोण असतो, हेही आधी स्पष्ट पाहिले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते शाळेचा पट शंभराच्या वर असेल तरच. धानपट्ट्यातल्या कितीतरी शाळांना हा आकडा गाठणे अवघड. मग गणित घेणाऱ्या बाईच चित्रकलेचा तास घेतात, आणि परीक्षा जवळ आली की त्या तासालाही गणितच होते. म्हणून ‘भावी कलाशिक्षक’ म्हणताना एटीडीचे विद्यार्थी डोळ्यांपुढे आणून भागत नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे ‘डाएट’च्या वर्तुळात वावरणारा प्रत्येक होऊ घातलेला प्राथमिक शिक्षक हा अर्धा कलाशिक्षक असतो. तयारी दोघांचीही व्हायला हवी.

आता यंत्राकडे. ते चित्र कसे काढते, हे कलाशिक्षकाला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे. इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्याखालचे मजकूर गोळा केले जातात. ‘लायन-५बी’ नावाच्या अशा एका सार्वजनिक संचात ५८५ कोटी जोड्या होत्या, आणि त्यांतल्या सुमारे २३२ कोटींचा मजकूर एकट्या इंग्रजीतला होता. चित्रांत ठिपक्यांचा गोंधळ मिसळत नेला जातो आणि तो गोंधळ उलट पावलांनी दूर कसा करायचा हे यंत्र शिकते. मग आपण ‘बैल’ म्हटले की निव्वळ गोंधळातून ते बैलासारखे काहीतरी वर काढते. त्याने बैल पाहिलेला नसतो. बैलाची चित्रे आणि त्यांच्याखालचे शब्द यांची सांगड तेवढी त्याच्याकडे असते. ज्या गावाची चित्रे कोणी काढून, नाव लिहून इंटरनेटवर ठेवली नाहीत, ते गाव या सांगडीत जवळजवळ नसतेच.

याचा परिणाम काय होतो, तेही दिसून आले आहे. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने २०२३ साली एका चित्रयंत्राकडून हजारो चित्रे काढून घेतली. ‘एक भारतीय माणूस’ एवढे सांगितल्यावर यंत्र बहुतेक वेळा दाढीवाला म्हातारा पुरुष काढत होते. बाई नाही, रोवणी करणारी मजूर नाही, शाळकरी पोर नाही. हे यंत्राचे वैर नव्हे. ज्याचे चित्र जास्त वेळा दिसते तेच त्याच्या लेखी खरे, एवढेच. पण वर्गातल्या मुलाच्या मनावर त्याचा ठसा वैरासारखाच उमटतो. आपला निळा बैल चुकीचा आणि पडद्यावरचा तुकतुकीत बैल बरोबर, असे एकदा त्याला वाटले की तो पुन्हा आपला बैल काढत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच नवा नाही. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग १८९३ साली सुरू झाला, आणि १८९४ साली त्याच मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना. शिक्षक घडवणारा वर्ग आणि चित्रे घडवणारे यंत्र यांच्यात अवघे एक वर्षाचे अंतर. त्या छापखान्याने सामान्य माणसाच्या देवघरात रंगीत देव आणले, हे त्याचे मोठे देणे. पण लक्ष्मी म्हटले की एकच चेहरा, एकच साडी, एकच कमळ डोळ्यांपुढे येऊ लागले, हेही त्याच छापखान्याचे. गावोगावच्या भिंतींवर, कोनाड्यांत, जोत्यांवर ज्या निरनिराळ्या लक्ष्म्या रेखल्या जात, त्यांना त्या एका सुबक प्रतिमेशी झगडावे लागले. आजचे यंत्र तेच काम कितीतरी पट वेगाने करू शकते, आणि तेही आपल्या सांगण्यावरून, त्यामुळे ते आपलेच वाटते.

मग यंत्राला वर्गाबाहेर ठेवावे का? आमचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि तो धडाही आपल्याच इतिहासातला आहे. दादासाहेब फाळके १८८५ साली जे. जे.मध्ये शिकायला आले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी काय केले? १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दाणा रुजतो, कोंब वर येतो, रोप वाढते, हे दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रित केले आणि पडद्यावर काही क्षणांत दाखवले. उघड्या डोळ्यांना न दिसणारी गोष्ट यंत्राने दिसू लागली. आणि त्यासाठी त्या माणसाला रोज त्या कुंडीपाशी बसावे लागले.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरण झाडीपट्टीला, म्हणजे आपल्या नाटकवेड्या पूर्व विदर्भाला, आणखी जवळचे वाटावे. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. विकतच्या यंत्राचा दांडा फिरवून ते थांबले नाहीत. यंत्राच्या पोटात काय आहे ते समजून घेतले, आणि पडदे रंगवणाऱ्या हाताची जाण त्यात ओतली.

फाळके आणि बाबूराव यांच्याकडून कलावर्गासाठी एकच कसोटी मिळते, आणि या अग्रलेखाचे सारे म्हणणे तिच्यात आहे. यंत्रामुळे मुलाचे पाहणे वाढते की थांबते? वाढत असेल तर ते आत येऊ द्यावे. थांबत असेल तर ते कितीही महागडे असो, बाहेर ठेवावे.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी उतरवायची? त्यासाठी परदेशी नमुना शोधायची गरज नाही. आपल्या शासकीय रेखाकला परीक्षेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही पायऱ्यांवर, एक जुना विषय आहे: स्मरणचित्र. समोर वस्तू नाही, फोटो नाही. जे पाहिले, जगले, ते आठवून काढायचे. आठवडी बाजार, बसथांबा, पावसातली शाळा, विहिरीवरच्या बाया. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे पेपर दिले, आणि कित्येकांनी इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सात, पाच किंवा तीन गुण पदरात पाडून घेतले. त्या गुणांच्या हिशेबात या विषयाची खरी थोरवी मात्र झाकली गेली. यंत्राजवळ सगळे आहे, स्मरण तेवढे नाही. त्याच्याकडे साठा आहे. साठा आणि स्मरण यांतला फरक मुलाला कळला, तर त्याला यंत्राची भीतीही उरणार नाही आणि त्याचा मोहही उरणार नाही.

समजा, तान्ह्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात दवनीवाड्याच्या एखाद्या सातवीच्या वर्गात तास आहे. पहिली वीस मिनिटे मोबाइल बंद. प्रत्येकाने आपला बैल आठवून काढायचा. मग बाईंच्या एकाच मोबाइलवर सगळ्या वर्गाने मिळून यंत्राला सूचना द्यायची, मराठीत. पहिल्यांदा नुसते ‘बैल’. जे येईल ते फळ्याजवळ धरून मुलांना विचारायचे, यात काय आहे आणि काय नाही? वशिंड आहे का? आपल्या बैलाला असते, कितीतरी परदेशी जातींना नसते. वेसण आहे का? शिंगांना बेगड आहे का? मग शब्द वाढवत न्यायचे: झूल, बाशिंग, घुंगूरमाळ, लाकडी अंग, खाली चाके. यंत्र काही शब्द पकडेल, काही सोडून देईल, काहींचे भलतेच करील. दर वेळी निराळे येईल, म्हणून बाईंनाही आधी उत्तर पाठ करून ठेवता येणार नाही. त्या मुलांबरोबरच पाहतील.

या अर्ध्या तासात काय काय घडले, ते मोजून पाहावे. घरात वापरले जाणारे आणि पुस्तकात न येणारे शब्द वर्गात मोठ्याने उच्चारले गेले, कारण ते उच्चारल्याशिवाय चित्र पुढे सरकत नव्हते. ‘सजवलेला’ या गुळगुळीत शब्दाने काम भागत नाही, कशाने सजवला ते सांगावे लागते, हे मुलांना कोणी न सांगता कळले. आणि वशिंड खांद्याच्या नेमके कुठे असते यावर दोघांचे भांडण लागले, तर बाई म्हणू शकतात, घरी जाताना गोठ्यात डोकावून या. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा आपल्या कागदाकडे येते आणि बैल नव्याने काढते. यंत्राच्या चुकीने मुलाला गोठ्यात पाठवले! यंत्राचा कलावर्गातला याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही.

हा तास सोपा वाटतो, पण तो घेण्यासाठी शिक्षक तयार असावा लागतो. कुठे थांबायचे, कोणता प्रश्न विचारायचा, कोणाचे चित्र आधी दाखवायचे, हे ऐन वेळी सुचत नाही. त्याआधी त्याने स्वतः पाहण्याची सवय लावून घेतलेली असावी लागते. विदर्भात याचा आदर्श आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे होते. गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत त्यांनी मुलांबरोबर कलेचे काम केले, आणि कला हा शिक्षणाचा पाया आहे हे पुढे ग्रंथरूपाने मांडले. कला ही फुरसतीची गोष्ट, हा समज त्यांनी वर्ध्याच्या मातीत बसून खोडला. यंत्र वापरायला शिकणाऱ्या आजच्या शिक्षकाला सेवाग्राम जुनाट वाटू नये. हाताने काम केलेल्या मुलालाच यंत्राचे काम जोखता येते.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, ज्या प्रशिक्षणात शेवटच्या तासाला उरकून टाकू नयेत. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत स्वतःचे फोटो बदलून घेण्याची लाट आली तेव्हा घराघरांतून लेकरांचे फोटो कंपन्यांच्या हवाली झाले. कौतुकापोटीच झाले, पण विचार न करता झाले. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. चित्रे-मजकूर तयार करणाऱ्या यंत्रांशी मुलाने एकट्याने संवाद साधण्यासाठी किमान तेरा वर्षे ही मर्यादा युनेस्कोने २०२३ साली सुचवली. म्हणून वर्गात यंत्र शिक्षकाच्या हाती असावे. मुलाचा चेहरा, नाव, गाव त्यात जाऊ नये. हा नियम भावी शिक्षकाच्या हाडीमांसी खिळला पाहिजे.

दुसरी गोष्ट मालकीची. ‘वारली शैलीत काढ’ असे सांगितले की यंत्र काहीतरी काढून देते. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नाच्या चौकातून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगडसिंह श्याम यांनी गोंड परधानांच्या चित्रांना असेच नवे आयुष्य दिले. गोंदिया जिल्ह्यात तर माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड समाजाची यात्रा भरते. त्या समाजाची मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. त्यांच्या आजोळची कला पडद्यावर ‘शैली’ म्हणून बटणासारखी दाबली जाते, तेव्हा ही कला कोणाची, तिच्यातल्या त्या ठिपक्यांना आणि रेघांना अर्थ काय, हे विचारायची जबाबदारी शिक्षकाची. आणि ते विचारायला यंत्रापेक्षा त्या मुलाची आजी अधिक योग्य.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची. रेखाकलेची ग्रेड परीक्षा पर्यवेक्षकांच्या समोर होते, तिथे यंत्र शिरत नाही. पण घरचा अभ्यास, स्पर्धा, प्रदर्शने यांत ते शिरलेच आहे. मुलावर संशय घेऊन हे सुटणार नाही. शेवटच्या चित्राऐवजी कच्च्या रेखाटनांची वही पाहणे, ‘हे असे का काढले’ असे विचारणे, हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. तो वेळ खातो. तासाला पस्तीस मिनिटे आणि वर्गात पन्नास मुले असतील तर तो चालतच नाही. म्हणून सगळा भार शिक्षकाच्या चांगुलपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही.

आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. एटीडी आणि डी. एल. एड. या दोन्ही अभ्यासक्रमांत यंत्र आणि कला यांचा एक प्रात्यक्षिक भाग असावा, आणि त्याची सुरुवात हाताने काढलेल्या स्मरणचित्राने व्हावी. तो कुठल्याही एका कंपनीच्या ॲपशी बांधलेला नसावा. ॲप दर वर्षी बदलतील, पाहण्याची रीत बदलणार नाही. डाएटने प्रत्येक केंद्रात निदान एका शिक्षकाला असा तास घेऊन दाखवता येईल इतके तयार करावे, म्हणजे बाकीचे त्याचे पाहून शिकतील. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे हात आजही आहेत. त्यांतल्या एखाद्या पेंटरला, गावच्या सुताराला वर्षातून दोनदा मानधन देऊन वर्गात बोलवावे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण हार घातले. त्या मातीतल्या कलेला शाळेचे दार उघडणे हा त्या हाराचा पुढचा भाग आहे. आणि शंभराच्या पटाची अट छोट्या गावांसाठी शिथिल करून चार-पाच शाळांत मिळून एक कलाशिक्षक द्यावा. शिक्षकच नसेल तर त्याला यंत्र शिकवण्याच्या गप्पांना काही अर्थ नाही.

आज एटीडीच्या किंवा डी. एल. एड.च्या वर्गात बसलेल्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. यंत्र शिका, नीट शिका, त्याच्या पोटात शिरून शिका. पण त्याआधी एक तान्हा पोळा मुलांच्या मागे मागे फिरा आणि हातात आलेला प्रत्येक बैल उलटसुलट करून पाहा. यंत्राच्या बैलाची दोन्ही शिंगे सारखी असतील. वर्गात एखादे मूल एक शिंग वेगळे असलेला बैल काढून आणेल. त्या वेळी ते शिंग खोडून नीट काढायला सांगायचे की ‘हे असे कसे रे झाले?’ म्हणून विचारायचे, एवढ्या एका निवडीसाठी तुमची दोन वर्षांची तयारी आहे. विचारले, तर मूल पाच मिनिटे सांगत राहील. तेवढी पाच मिनिटे त्याच्यासमोर बसून ऐका.